आवंढा

मालकीणबाई,

तुझी झोप मला स्वस्तात पडलेली नाही. पैशांचं सोड, पण तू तिकडे मनाच्या दवाखान्यात झोपतेस आणि इकडे दिवसभर पाण्याचे पंप दुरुस्त करून दमलेला मी टक्क जागा असतो.

आज भेटायला आलो, तर दारातच तुझ्या नर्सने अडवलं. "काका, उठवू नका हं. खरी झोप लागलीय."

खरी! मला सांगते! नुसत्या आवाजावरून पंपाचा बिघाड ओळखून मी धंदा उभा केला. म्हटलं, "बाई, नवरा आहे मी, वीस वर्षं हिचा श्वास ऐकतोय."

ती हसली. "सुरुवातीला त्या नुसत्या डोळे मिटून पडायच्या. पण सोंग घेणारा माणूस मधूनच आवंढा गिळतो. मी विचारलं, ताई, जाग्या ना? तर म्हणाल्या, घरी कुणी पकडलं नव्हतं!"

माझा नुसता जळफळाट झाला. मला वीस वर्षांत न सांगितलेलं तू तिला आठवड्यात सांगितलंस. तिला तुझ्या उशाशी खुर्ची, आणि मला भेटीची वेळ!

"घरी कशाला सोंग?" मी विचारलं.

"तुम्ही काळजी करत बसू नये म्हणून."

हे पत्र तुला देणार नाही. वाचलंस, तर माझ्यासाठी पुन्हा डोळे मिटून पडशील. आणि खरं सांगू? मी तुझा श्वास कधी ऐकलाच नाही. पाठ टेकली की मी घोरायला लागायचो.

तुझाच,
पंपवाला