दे दोन दे

माय,

आज दुपारी नातीनं मला विचारलं, "दे दोंदे एरेस?" आणि मी उठून डब्यातल्या दोन पोळ्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. ती आधी पोळ्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला शाळेत स्पॅनिश आहे. घरातले सगळे आपापल्या कामावर जातात, त्यामुळे सरावाला मीच तिच्या तावडीत सापडते. ती बाई आणि मी वर्गातली ढ मुलगी. आजी, मी तू कुठली आहेस ते विचारलं, खायला नाही मागितलं, असं ती मला समजावून सांगत होती आणि मी हसत सुटले होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मात्र ती घाबरली. कांद्यामुळे, म्हणून सांगितलं. कांदाबिंदा काही चिरलेला नव्हता. मग तिनं पुढचा प्रश्न काढला. पहिला धडाच ओळखपाळखीचा आहे, नाव काय, गाव कोणतं, घरी कोण कोण. त्यातला हा होता की तुझ्या आईचं नाव काय. मी म्हटलं, उद्या सांगते. ती म्हणाली, आईचं नाव सांगायला उद्या कशाला लागतो? तिचं बरोबर आहे. तुला लिहायला बसले ते त्याच्यामुळेच.

आपण सेवाग्रामच्या रस्त्याला राहत होतो ते दिवस. बाबा दवाखान्याच्या औषधभांडारात होते, मी वर्ध्याच्या कॉलेजात जायची. त्या हिवाळ्यात आपल्या मागच्या खोलीत ती मेक्सिकोची बाई राहायला आली. आश्रमात सूत कातायला शिकायचं म्हणून एवढ्या लांबून आली होती. बाबांच्या ओळखीच्या कुणी तरी तिला आपल्याकडे धाडलं, राहणं आणि दोन वेळचं जेवण. फॉरेनची बाई येणार म्हणून मी इंग्रजी घोकून तयार बसले होते. आली ती तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच सावळी, केसांची एक वेणी. शेजारच्या काकूंना ती तोंड उघडेपर्यंत अमरावतीकडची वाटली. आणि इंग्रजी तिचं माझ्याहून कच्चं.

पहिल्या संध्याकाळी मला कॉलेजातून यायला उशीर झाला. तू चुलीपुढे, ती पाटावर. तिनं तुझ्याकडे बोट करून विचारलं, "दे दोंदे एरेस?" तुला ऐकू आलं, दे, दोन दे. पुढचं 'एरेस' तुला कळलं नाही, पण ते आपल्या 'बाई'सारखं काही तरी असेल असं तू धरून चाललीस. तू दोन भाकरी वाढल्यास. ती गोंधळली, पण पाहुणी होती, खाल्ल्या बिचारीनं. मग पुन्हा विचारलं. तू पुन्हा दोन वाढल्यास. मी दारातून आत येते तर पाहुणी घामाघूम, ताटात अर्धी भाकरी उरलेली, आणि तू भारी खुशीत. मला म्हणालीस, "लय भूक हाय बाईले. मांगू मांगू खाऊन राह्यली." मी माझं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी जोडून कसाबसा उलगडा केला. ती विचारते आहे, तू कुठली. तू पदर तोंडाला लावून हसलीस, आणि मग तो प्रश्न स्वतःशीच पुन्हा म्हणून पाहिलास. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. कुणी तरी तुला कुठली म्हणून विचारतं आहे, हे तुला नवीन होतं.

तिथून तुमची शाळा सुरू झाली, चुलीपुढेच. मला वाटलं होतं मी दुभाषी होणार, पण तुम्हा दोघींना माझी गरज पडली नाही. ती उत्तर शिकवायची, "सोय दे" म्हणायचं आणि पुढे गावाचं नाव. तुझं माहेर तळेगावकडचं, गाव लहान, म्हणून तू तळेगावच सांगायचीस. सोय दे तळेगाव. "आंदी दोन दे म्हन्ते, मंग सोय दे म्हन्ते. सारं मांगनंच हाय हिच्या भाषेत," असं तू बाबांना सांगायचीस. आणि स्वतःचं सांगून झालं की समोरच्याला "ई तू?", म्हणजे आणि तू, असं विचारायचं. त्यातला तू म्हणजे आपला तूच आहे हे कळल्यावर तर तुझा आनंद बघण्यासारखा होता. जणू आपलं कुणी हरवलेलं माणूस तिच्या गावी सापडलं. दूधवाल्याला तू "कोमो ते यामास" म्हणून नाव विचारायचीस, तो म्हशीचं सांगायचा. बाबांना ताट वाढताना विचारायचीस. ते वैतागल्यासारखं करायचे आणि वर्तमानपत्रामागे हसायचे.

तुझ्या नावाचं मला कळलं ते मात्र असं शिकता शिकता नाही. एका रविवारी मी पुढच्या खोलीत वाचत बसले होते. मागच्या आंगणात ती बाई कुणाला तरी हाक मारत होती, शेवटचं अक्षर लांबवून, गाण्यासारखी. नाव मराठी होतं, पण आपल्या घरात, शेजारी, त्या नावाचं कुणी नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली आणि विहिरीकडून तुझी "ओ" आली. मी पुस्तक टाकून मागे आले आणि विचारलं, ती कुणाला बोलावते आहे.

"मले."

"तुझं नाव हे कुठंय?"

"तुले मालूम हाय ते तुह्या बापाच्या घरचं. हे माह्यं."

मग सांगितलंस. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं. मोठ्या आत्याचं नाव नेमकं तुझंच होतं, एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, म्हणून तुझं बदललं. आत्या वर्षभरात सासरी गेली. तुझं नाव काही परत आलं नाही. तिकडे तुझी आई लवकर गेली, भावाचं येणं-नेणं सुटलं, आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. मी म्हटलं, आम्हाला काऊन नाही सांगितलं? तू ओली घागर कमरेवर सारखी केलीस.

"कोनं इचारलंच नाई. तिनं इचारलं, म्हून सांगतलं."

रागानं नव्हतीस बोलली. म्हणूनच मला ते अजून बोचतं.

पुढे सगळा हिवाळा ते नाव आपल्या आंगणात वाजत राहिलं. मी बघायला लागले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाबांनी "अवं" म्हटलं की तू हातातला झारा तसाच घेऊन धावायचीस. त्या हाकेला दुसऱ्यांदा मारायची वेळ कधी आली नाही. पण त्या बाईच्या पहिल्या हाकेला तू ओ द्यायची नाहीस. हातातलं काम थांबवायचीस, मान थोडी कलती करायचीस, ओठांच्या कोपऱ्यात हसू. दुसरी हाक आली की मग "ओ". मी एकदा छेडलंच, ऐकू येत नाही का गं तुला? तू म्हणालीस, येतं. पण एकदा ओ दिली की ती पुन्हा कशाला हाक मारेल? माय, मला तेव्हा हसू आलं होतं. आता मी तुझ्याहून म्हातारी झाले आहे आणि हाका मारणारे एकेक करून कमी झाले आहेत, आता कळतं.

ऊन तापायला लागलं तशी ती निघाली. वर्धा स्टेशनवर आपण दोघी गेलो होतो. तू फडक्यात दोनच भाकरी बांधून दिल्या होत्यास. तिनं गाठोडं हातात घेऊन मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, दे दोन दे, आणि तुम्ही दोघी तिथं फलाटावर एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसलात, मग रडलात. गाडी हलली. तिनं खिडकीच्या गजांना तोंड लावून हाक मारली, तशीच, शेवटचं अक्षर लांबवून. आणि तू सवयीनं थांबलीस. मान कलती करून, दुसऱ्या हाकेची वाट बघत. मी बाजूला उभी, मला ओरडावंसं वाटत होतं की अगं दे ओ, गाडी चालली. दुसरी हाक आली नाही, की आली आणि चाकांच्या आवाजात बुडाली, कोण जाणे. शेवटचा डबा गेल्यावर तू हळूच "ओ" म्हणालीस. रिकाम्या रुळांना.

परतीच्या रस्त्यात एवढंच बोललीस, "तिले वाटन, आयकू नाई आलं मले." त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. पण संध्याकाळी मागच्या आंगणात भांडी घासताना मधेच तुझा हात थांबायचा. मी आतून बघत असे. कधी कधी वाटायचं आपणच मारावी हाक. पण आईला नावानं हाक कशी मारायची? जीभ वळायची नाही.

पुढे माझं लग्न झालं, सेलूला आले. मुलं लहान होती तेव्हा तुझ्या आजारपणाचा निरोप आला. मी बसनं दुपारी दवाखान्यात पोचले. तुझ्या खाटेभोवती सगळे होते आणि सगळे तुला हाका मारत होते. कुणी काकू म्हणत होतं, कुणी वहिनी, नर्स आजी म्हणत होती. बाबा उशाशी बसून "अवं, अवं" करत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हाकेला तू धावून येत नव्हतीस. मी तुझ्या कानाशी वाकले आणि त्या नावानं हाक मारली. तिच्यासारखी, शेवटचं अक्षर लांबवून. तू ओ दिली नाहीस. पण तुझ्या ओठांचा कोपरा हलला, माय. मी पाहिलं. की मला पाहायचं होतं म्हणून दिसलं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मला तुझी सवय ठाऊक होती. आता दुसरी हाक मारायची होती. ती तोंडाशी आली आणि मी ती गिळली, कारण त्या हाकेलाही ओ आली नसती तर मग काही उरलं नसतं. दिवस मावळायच्या आत तू गेलीस.

तेव्हापासून ते नाव मी तोंडातून काढलेलं नाही. कागदांवर, फोटोखाली, सगळीकडे बाबांच्या घरचंच नाव आहे. इथंही लिहीत नाही, कारण ते लिहायचं नाव नाही, हाक मारायचं आहे. आणि हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत?

पण नातीनं विचारलं आहे. तू म्हणाली होतीस तसं, विचारलं की सांगायचं. म्हणून उद्या तिच्या त्या प्रश्नाला मी तुझं खरं नाव सांगणार आहे, मोठ्यानं. ती गिळलेली दुसरी हाक समज. ती पुढचा प्रश्न काढील, तिला घाई असते. तिला मी थोडं थांब म्हणणार आहे, पाणी पिते म्हणून सांगेन. पाणीबिणी काही प्यायचं नसेल. मागच्या दाराकडे कान लावून बसायचं असेल.