बियाण्याच्या कणगीतली वही

बाबा, आपल्या लेखकाची माणसं सापडली. तो स्वतः तर केव्हाच गेला, तुमच्याही आधी; पण त्याच्यावर जीव टाकणारे अजून आहेत, हे मला परवा कळलं. नातीनं मोबाइलवर दाखवलं. कोण कुठली पाच-सहा तरुण मंडळी, त्यांनी त्याच्या सगळ्या गमतीच्या विज्ञानकथांची यादी केली आहे, जुन्या मासिकांची मुखपृष्ठं शोधून लावली आहेत, कुठल्या कथेत कुठलं यंत्र बिघडतं तेसुद्धा लिहून ठेवलं आहे. तुम्ही असता तर त्यात चार चुका काढून दिवसभर खुशीत राहिला असता. मी चष्मा पुसत वाचत गेले आणि अगदी खाली आपल्या फिरत्या वहीबद्दल दोन ओळी निघाल्या. वही चांद्याकडच्या टपालात गहाळ झाली, कुणाकडे असल्यास कळवावे. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

तुम्ही गावच्या धानगिरणीचं इंजिन चालवायचे. हाताला कायम तेल, म्हणून मासिकाची पानं मी उलटायची आणि तुम्ही वाचायचे. इंजिन थंड होईस्तोवर तेवढाच वेळ मिळायचा. हमाल ओट्यावर बसून ऐकायचे, पण हसायचे तुम्ही एकटेच. ‘इथी कोनाले समजून नाई राह्यलं,’ म्हणून तुम्ही खट्टू व्हायचे. असलं वाचणारा दुसरा माणूस वैनगंगेच्या अलीकडे नव्हता, पलीकडे मूल गावच्या बाजारातही नव्हता. मग एका अंकात वर्ध्याच्या एका मास्तरांचं पत्र छापून आलं, की या लेखकाच्या वाचकांची एक वही गावोगाव फिरते, ज्याला हवं त्यानं कळवावं. त्या दिवशी तुम्ही हात धुऊन, साबण लावून, पत्र लिहायला बसलात. आई म्हणाली, लग्नातसुद्धा इतके हात धुतले नव्हते.

वही आपल्याकडे आली ती दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत. डाकवाला आठवड्यातून दोनदा पायी यायचा. जंगलातल्या गोंड गावचा माणूस, उंच, कमी बोलणारा. नदीला पाणी असलं की टपालाची थैली डोक्यावर बांधून उतरायचा. तुम्ही त्याला ओट्यावर बसवून गुळाचा चहा द्यायचे आणि त्याला समजो न समजो, कथा सांगायचे. वहीचे नियम पहिल्याच पानावर होते. आठ दिवस ठेवायची, आपलं एक पान लिहायचं, पुढच्याला पाठवायची. आणि मधली आठ पानं खुद्द लेखकाच्या हातची होती, त्यांची नक्कल कुणी करायची नाही. न छापलेली अर्धी कथा होती ती. उरलेली तो वही फिरून परत आल्यावर लिहिणार होता.

ती कथा मला आजही पाठ आहे. मंगळावरून एक सहा हातांचा प्राणी धानकापणीत गावात उतरतो. कुणाला त्याच्याकडे बघायलाही फुरसत नाही. शेवटी तलाठी त्याला म्हणतो, मंगळाचा रहिवासी असल्याचा दाखला आण, नाहीतर दोन साक्षीदार आण. तो साही हातांत अर्ज धरून कचेरीबाहेर बसून राहतो, आणि तिथे कथा थांबते. तुम्ही इतके हसलात की डोळे पुसताना तोंडाला काळं तेल लागलं.

तुम्ही तुमचं पान लिहिलंत. गिरणी भरात होती, तुम्हाला इंजिन सोडता येत नव्हतं, म्हणून वही माझ्याकडे दिलीत, डाकवाल्याच्या हाती द्यायला. मी बारा वर्षांची होते आणि मला ती आठ पानं हवी होती. त्याच्या येण्याच्या दिवशी माझी नक्कल अर्धीच झाली होती. पुढच्या खेपेला देऊ, तीनच दिवसांचा प्रश्न, असं मी ठरवलं. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, ‘डाकवाल्याले देल्ली का वो वही?’ मी म्हटलं, ‘हो, देल्ली.’ दोन दिवसांत नक्कल पुरी झाली आणि वही मी रिकाम्या कणगीत टाकली, कारण तिथे कुणी हात घालत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामा आला आणि आत्ताच चल म्हणून मला मूलला लग्नाला घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आले तर कणगी काठोकाठ भरलेली, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. बियाण्याचं धान होतं ते. आपल्याकडे बियाण्याची कणगी पेरणीशिवाय फोडत नाहीत, घरात खायला नसलं तरी नाही.

दोन महिन्यांनी वर्ध्याच्या मास्तरांचं कार्ड आलं, वही पुढे आली नाही. तुम्ही डाकवाल्याला ओट्यापाशी उभं केलंत. त्या दिवशी त्याला बसा म्हटलं नाहीत. मी दाराआड उभी आहे. ‘मले कोनी वही देल्लीच नाई, भाऊ,’ तो म्हणतो. ‘मंग पोरगी खोटं बोलून राह्यली का?’ तुम्ही विचारता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘नाई भाऊ, पोरगी काऊन खोटं बोलन? माह्याच हातून पडली असन नदीत.’

तुम्ही तक्रार केली नाहीत, पण गावभर सांगितलंत. त्यानंतर तो टपाल शाळेत टाकून परस्पर जायचा, आपल्या ओट्याकडे बघायचाही नाही. उन्हाळ्यात त्याच्या जागी दुसराच माणूस यायला लागला. रोहिणी लागल्या, पेरणीसाठी कणगी फोडली, आणि सगळ्यांच्या आधी मी आत हात घातला. कोपरे किड्यांनी खाल्ले होते, बाकी वही शाबूत. तेव्हाही मी बोलले नाही. आता बोलून काय होणार, असं वाटलं. खरं सांगायचं तर मी भ्याले. पुढे मासिकात लेखक गेल्याची चौकट आली आणि तुम्ही दिवसभर इंजिनापाशी बसून राहिलात. शेवटच्या दुखण्यात गडचिरोलीच्या दवाखान्यात मला विचारलंत, ‘त्या मंगळवाल्याले दाखला भेटला असन का वो?’ मी म्हटलं, भेटला असेल. हेही त्या ‘हो, देल्ली’सारखंच, माझ्या मनचं.

वही माझ्या पेटीत आहे. त्या मंडळींना कळवायचं तर वही कुठे होती ते सांगावं लागेल, आणि डाकवाल्याच्या घरचं कोण कुठे आहे ते शोधावं लागेल. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं बहुधा वहीतच राहील. तुमच्या पानावर कथेबद्दल चारच ओळी आहेत. बाकी सगळं डाकवाल्याबद्दल आहे. आमचा डाकवाला भाऊ छातीभर पाण्यातून ही वही कोरडी आणतो, त्याच्यासारखा विश्वासाचा माणूस मी पाहिला नाही, असं तुम्ही लिहिलंय. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते पान मी कणगी फोडल्यावर पहिल्यांदा वाचलं, आधी वाचलं असतं तर त्या दिवशी दाराआडून पुढे आले असते. तसं नाही बाबा. नक्कल संपल्यावर मी पहिलं तेच पान वाचलं होतं.