आईंच्या वाट्याच्या गोळ्या

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आई आल्या. नितीनच्या आई, माझ्या सासूबाई. सहा महिने मुक्काम. एअरपोर्टवर व्हीलचेअरमधून बाहेर आल्या तेव्हा नितीन रडला. मी मनात विचार करत होते, औषधांची पिशवी कुठल्या बॅगेत असेल?

घरी आल्यावर संत्राबर्फी, तिखट, आमच्या लेकीसाठी, ईशासाठी, न शोभणारे दोन कुर्ते आणि तळाशी पिशवी. माझ्यासाठी फक्त चार पाकिटं! मी सुधीरभाऊजींना चाळीस सांगितली होती. भाऊजी म्हणे आईंना म्हणाले, "एवढ्या पेनकिलर वहिनीला कशाला? तिथे डॉक्टर नाहीत का?" आहेत ना. इथे चँडलरमध्ये हवे तेवढे आहेत. तीन वर्षं माझ्या मणक्याचे फोटो काढतात आणि म्हणतात, पोहा, वजन उतरवा, मन रमवा. नागपूरला कोपऱ्यावरचे औषधवाले वानखेडेकाका एकच प्रश्न विचारतात, "अजून काय देऊ?"

आईंना मात्र गुडघ्यांसाठी त्याच गोळ्या, ट्रॅमाडॉलवाल्या पांढऱ्या, सहा महिने पुरतील एवढा खोका. भावजय कोण, आई कोण, भाऊजींना बरोबर कळतं.

८ फेब्रु., रविवार

आईंची बोटं आखडली आहेत, पाकिटातून गोळी ढकलता येत नाही. म्हणून सात कप्प्यांचा डबा, सकाळ-रात्र वेगळं. तो रविवारी मी भरायचा असं नितीनने परस्पर ठरवलं. "तुझं काम नीट असतं." बीपी, थायरॉइड, शुगर, आणि पांढरी सकाळी एक, रात्री एक.

भरताना आई शेजारी बसून बघत होत्या. "किती गुणाची आहेस गं." मला कौतुक सहन होत नाही, विशेषतः पाठ ठणकत असताना.

१२ फेब्रु.

चारांपैकी शेवटचं पाकीट सुरू. दोन दिवस कमी करून बघितलं. नाक वाहतंय, जांभया, अंगावर काटा, पोट ढिलं, पाय जागेवर राहत नाहीत. फॅबमध्ये, म्हणजे आमच्या चिप बनवायच्या कारखान्यात, डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा सूट घालून उभी, आत घामाच्या धारा. मॅनेजर म्हणाला, फ्लू असेल, घरी जा. फ्लू म्हणे. गोळी घेतली आणि पाऊण तासात फ्लू गेला.

मला कळत नाही असं नाही. मी इंजिनियर आहे. सुरुवातीला दोन घ्यायचे, आता आठावर आहे. पण पाठ माझी आहे. ज्याची दुखते त्यानेच बोलावं.

१५ फेब्रु., रविवार

डबा भरला. रात्रीच्या कप्प्यांत पांढरीऐवजी इथली साधी पॅरासिटॅमॉल ठेवली. तीही पांढरी, तीही लांबट. खोक्यातलं पाकीट वेळेवर रिकामं होणार, डबा भरलेला दिसणार. खोका मीच उघडते, पुढच्या आठवड्यांच्याही आधीच काढून घेता येतात.

आईंना दिवसभर काय काम असतं? खुर्ची, मालिका, देवपूजा, परत खुर्ची. मी दहा तास उभी असते. गरज कोणाला जास्त आहे ते उघड आहे.

१८ फेब्रु.

आई : "अगं मेधा, ही रात्रीची गोळी वेगळी दिसून राहिली."

मी : "इथला लाइट वेगळा असतो, आई."

त्यांनी चष्मा पुसला, गोळी पुन्हा बघितली, गिळली. मला हसू आवरेना, सिंकचा नळ सोडला.

नंतर नितीनला सांगितलं की आईंना हल्ली आठवत नाही, गोष्टी घोळतात, लक्ष ठेवायला हवं. नितीनचा चेहरा पडला. पडू दे. दोन-तीनदा सांगितलं की पक्कं होतं.

२२ फेब्रु., रविवार

सकाळचीही बदलली. अर्धवट काम करण्यात अर्थ नाही.

पाठ आज शांत. पोळ्या केल्या, ईशाशी भांडले नाही. ईशा म्हणाली, "मॉम, यू आर सो चिल टुडे." बघा, सगळ्या घराचं भलं झालं.

२४ फेब्रु.

आईंना थंडी वाजतेय. बाहेर लोक हाफ पँटमध्ये फिरतायत आणि या दोन ब्लँकेटं घेऊन. घाम, जांभया, चार वेळा बाथरूम. गुडघे तर आहेतच, पण म्हणतात, "पाय माह्याच्यानं स्थिर राहत नाही. कापून टाकावे असं वाटते."

नितीन : "हवापाणी बदललं म्हणून असेल का?"

मी : "तेच. पाणी बदललं की होतं."

मी दारात उभी होते आणि मला माहीत होतं. फ्लू नाही, पाणी नाही. बारा तारखेला माझं जे झालं होतं, तेच ओळीने होत होतं. दोन वर्षं रोज दोन घेणाऱ्या बाईच्या मी एका आठवड्यात बंद केल्या, तर दुसरं काय होणार? मला फक्त डब्यात हात घालायचा होता. एक गोळी, पाऊण तास, आणि त्या झोपल्या असत्या.

मी त्यांना लिंबूपाणी दिलं. त्यांनी माझ्या हाताचा मुका घेतला. मी खोलीत गेले, माझ्या घेतल्या आणि झोपले. छान झोप लागली, हेही लिहून ठेवते.

२६ फेब्रु., गुरुवार

आईंना अर्जंट केअरमध्ये नेलं. डॉक्टर पोरगेलीशी, नाकात चमकी. सगळी औषधं विचारली, ट्रॅमाडॉल म्हटल्यावर थांबली. "ही गोळी एकदम बंद केलीय का? लक्षणं तशीच आहेत."

नितीन म्हणाला, नाही, माझी बायको रोज न चुकता देते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं. मी मीटिंगमध्ये भल्याभल्यांना असंच बघते, लोक नजर खाली घालतात. तिने घातली नाही. म्हणाली, मग गोळ्या खऱ्या आहेत का ते बघा. आणि ही गोळी काही साधी पेनकिलर नाही, अफूच्या जातीची आहे, सवय लागते, जास्त झाली तर फिटही येऊ शकते.

परतताना नितीन स्टिअरिंगवर मूठ आपटत होता. "डुप्लिकेट! साल्याने डुप्लिकेट माल दिला!" मागच्या सीटवर आई म्हणत होत्या, "वानखेडे तसा माणूस नाही बाप्पा." मी म्हटलं, आजकाल कोणाचा भरवसा देता येतो?

२७ फेब्रु.

सुधीरभाऊजी वानखेडेकाकांच्या दुकानात गेले. नितीन फोनवर, स्पीकर चालू. दुकानात गिऱ्हाइकं होती. भाऊजींनी सगळ्यांसमोर त्यांचा बाप काढला. काका बिलं दाखवत होते, कंपनीचा माल आहे म्हणत होते, शेवटी नुसतंच "असं नका बोलू साहेब, असं नका बोलू." कॉलनीच्या ग्रुपवर भाऊजींनी तिथूनच टाकलं : यांच्याकडून औषध घेऊ नका.

मी मागे भेंडी परतत होते. भेंडी चिकट झाली नाही. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण मी फक्त एवढाच विचार करत होते की आता गोळ्या कोण देणार.

आणि मग नितीन म्हणाला, "उद्या तो सगळा खोका फार्मसीच्या टाकाऊ औषधांच्या पेटीत टाकून येतो. विष घरात नको."

अख्खा खोका. खऱ्या, शंभर टक्के खऱ्या गोळ्या. तोंड उघडलं तर मी गेले, नाही उघडलं तर गोळ्या गेल्या. आजवर एवढी मूर्ख कधी ठरले नव्हते. तो अंघोळीला गेला तेव्हा दोन पाकिटं काढून बुटात लपवली. जास्त काढली असती तर खोका हलका लागला असता.

२८ फेब्रु., शनिवार

मीही बरोबर गेले. का, माहीत नाही. फार्मसीत भिंतीला निळी लोखंडी पेटी, पोस्टाच्या पेटीसारखं तोंड. नितीन एकेक पाकीट टाकत होता, प्रत्येकाचा आत आपटल्याचा आवाज येत होता. मला ओकारी आली. नितीन म्हणाला, "इमोशनल होऊ नकोस, आई बरी होईल." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. नेमका दुखतं तिथे.

५ मार्च

आई बऱ्या झाल्या!

खाल्लं, झोपल्या, पोट साफ. आज वॉकर घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. म्हणाल्या, "गुडघा दुखते, दुखणारच. पण डोकं कसं मोकळं झालं गं. दोन वर्षं धुक्यातच होते वाटते मी." डॉक्टरीणबाईने दिलेलं मलम लावतात, शेकतात, खुर्चीत बसून पाय वर-खाली करतात आणि मालिकेतल्या बायकांना शिव्या देतात. त्यांचं काही म्हणजे काही विसरायला होत नाही. ईशाला त्यांनी तिच्या नकळत अख्खा पाढा शिकवला.

मला त्यांचा इतका राग आला की ताट आपटलं. मी लुटलं त्यांना, आणि सुटल्या त्याच. मी मात्र बुटातून मोजून काढतेय, दिवसाला एक, आणि अंग सोलल्यासारखं झालंय. ईशाला आज नालायक म्हणाले. तिने नुसतं "ओके" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

७ मार्च, शनिवार

मैत्रिणीकडे, अंजलीकडे पॉटलक, आईंनाही नेलं. बारा बायका, बारा प्रकारचे पुलाव, सगळे कोरडे. प्रत्येकीच्या घरी तिकडून आणलेल्या औषधांचा खण असतो, हे मला पक्कं ठाऊक. अँटिबायोटिक, पोटाच्या, खोकल्याच्या, सगळं. अंजलीला बाजूला घेऊन विचारलं, पाठीवरचं काही आहे का स्ट्राँग? म्हणाली, "अगं, बाम आहे. देऊ? आणि मावशी एप्रिलमध्ये येणारेय, तिला सांगू?"

एप्रिल! मी तिच्या बाथरूममध्ये जाऊन कपाट उघडलं. बाम, खरंच फक्त बाम. इतकी निरुपयोगी बाई मी पाहिली नाही.

बाहेर आले तर आई सोफ्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मी कपाळ पुसलं. घाम.

९ मार्च, सोमवार

रजा टाकली. शेवटचं पाकीट. पुरवून पुरवून घ्यायचं ठरवलं होतं. पण पुरवून घ्यायचं म्हणजे रोज थोडं थोडं मरायचं, आणि मला एकदा, फक्त एकदा, पाठ गप्प हवी आहे. नितीन ऑफिसला, ईशा शाळेत. आई पूजा करतायत, घंटा वाजतेय. ती घंटा हिसकावून—

घेतल्या. सगळ्या. बघू आता.

१० मार्च

हॉस्पिटल. हाताला सलाइन, दुसऱ्या हाताने फोनमध्ये लिहितेय.

मला काहीच आठवत नाही. चहा टाकला होता, एवढंच. फिट आली म्हणे. गॅसजवळ पडले. आई वॉकर सोडून धावल्या, गॅस बंद केला, मला कुशीवर वळवलं आणि शेजारच्या घराचं दार वाजवत राहिल्या. त्यांना फोनवर इंग्लिशमध्ये सांगता येईना. जीभ चावली गेलीय, जाड झालीय, बोलता येत नाही. कोपराला टाके. आता किती महिने गाडी चालवायची नाही म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, रोज काही औषध घेतात का? सप्लिमेंट, तिकडून आणलेलं काही? हे कळणं जरुरी आहे, पुन्हा फिट येऊ शकते, चुकीचं काही दिलं तर जिवावर बेतेल.

नितीन म्हणाला, "नो, नथिंग. शी इज व्हेरी केअरफुल. माझ्या आईची औषधं हीच बघते."

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांत येतो, आठवून बघा. नितीन खाली बसलेल्या ईशाला आणायला गेला. जाताना माझ्या कपाळाला हात लावून गेला.

खोलीत आई आणि मी. आई खुर्ची ओढून जवळ आल्या. आवाज अगदी साधा.

"थंडी वाजे, घाम फुटे, पाय राहत नव्हते. माझं झालं तेच तुझं होऊन राहिलं होतं, मेधा. मी बघत होते. नितीनला नाही सांगितलं. त्याला मी सांगणार नाही, त्याचा संसार आहे. पण डॉक्टरला सांगावं लागते. मला इंग्लिश येत असतं तर मीच सांगितलं असतं."

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"जीभ दुखते तर लिहून दे. हात चालून राहिला ना तुझा?"

आणि फोन उशाखालून काढून माझ्या हातात दिला. वानखेडेकाकांचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर मला भांडता आलं असतं.

त्यांना वाटतंय, मी डॉक्टरसाठी लिहितेय. किती लांबलचक लिहितेय बघून मान हलवतायत, बरोबर आहे, सगळं लिही. डोळे पुसतायत पदराने. मला त्यांची कीव येत नाही. मला भीती वाटतेय. पुन्हा फिट येईल याची, आणि येणार नाही याचीही, कारण मग घरी जावं लागेल आणि घरात एकही गोळी नाही.

डॉक्टरांना मराठी वाचता येत नाही. इंग्लिशमध्ये एक ओळ पुरेल. एक शब्दसुद्धा पुरेल.

दार उघडलं. डॉक्टर आलेत, बरोबर नितीन आणि ईशा. आई उठून उभ्या राहिल्या, गुडघा धरून. म्हणतायत, "मेधा, दाखव त्यांना."