शिवशंकर सरांचा नेमबाजी पॅटर्न

३ जुलै २०१८
फिजिक्सचे क्लासेस बंद केले. बंद पडले नाहीत, केले. समोरच्या क्लासवाल्यांनी एसी लावला, पोरं तिकडं गेली. पोरांना फिजिक्स नको, गारवा पाहिजे. जाऊ द्या.
संकल्प: लेझर नेमबाजी अकॅडमी. गोळी नाही, लायसन नाही. पिस्तुलातून लेझर निघतो, इलेक्ट्रॉनिक टार्गेट तो ओळखून गुण बोलून दाखवतं. लातुरात कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या आलं.
वर्षाराणी लेकीला, इराला घेऊन निलंग्याला माहेरी. म्हणाली, आधी काहीतरी धड चालवून दाखवा, मग परत येते. उद्घाटनाला बघायला येणार. म्हणजे आलीच समजा.

११ जुलै
पिस्तूल नांदेडहून आणलं, टार्गेट हैदराबादहून. जुनं आहे, पण चकाचक. नांदेडचे दुकानदार बसवंतराव सारखे सांगत होते की सर, दोन्ही एकाच कंपनीचं घ्या, न्हाईतर जमायचं न्हाई. सेल्समनशिप! अहो, मी फिजिक्सचा माणूस. प्रकाश म्हणजे प्रकाश.
हॉल अमृतरावांचा. भूकंपातला तडा अजून भिंतीला आहे, म्हणून भाडं कमी. टार्गेट बरोब्बर त्या तड्यावर बसलं.

१४ जुलै, सकाळी
लाल ठिपका मधोमध. टार्गेट गप्प. नवीन जागा आहे, रुळेल.

दुपारी
पडदे लावले. गप्प. बॅटरी बदलली. गप्प. जेवलो नाही. भूकही नव्हती.

२२ जुलै
चार ॲडमिशन. टार्गेट रुळेपर्यंत थिअरी. नोट्स वाटल्या, आज टेस्ट घेतली. ट्रिगर दाबताना श्वास कसा ठेवावा, चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग. श्रीनाथ पहिला आला. लगेच चौकात फोटोसकट बॅनर: नेमबाजीत प्रथम! त्याचे वडील पेढे घेऊन आले. पोरानं अजून पिस्तूल हातात धरलेलं नाही. पण बेसिक पक्कं आहे.

२६ जुलै
अमृतराव टीव्हीचा रिमोट घेऊन आले. सर, तुम्ही सायन्सवाले, बघा जरा, म्हणाले. बटण दाबलं आणि भिंतीवरून टार्गेट बोललं, टेन! अमृतराव म्हणाले, अगागा, लई भारी मशीन हाय की.
रिमोट इन्फ्रारेड. पिस्तूल लाल. टार्गेटला फक्त इन्फ्रारेड कळतं. हा प्रश्न मी दरवर्षी पोरांना घालायचो.
बसवंतरावांना फोन करणार नाही. रिमोट दुरुस्तीला ठेवून घेतला.

५ ऑगस्ट, उद्घाटन
वर्षाराणी आली. बॅग घेऊन! जिन्याखाली ठेवली. माझा सत्कार झाला, ते बरंच झालं. शालीच्या आत हात, रिमोटचं तोंड तेवढं बाहेर.
इरानं नेम धरला. टेन. परत टेन. पोरगी आनंदानं उड्या मारत आईला म्हणाली, मम्मी, मला येतंय! पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा एका हातानं वाजवल्यासारखं केलं.
मग वर्षाराणीनं पिस्तूल मागितलं. कसं धरायचं ते ती बघत होती, पिस्तुलाचं तोंड खाली जमिनीकडं. माझा अंगठा दबला. टेन.
सगळे हसले. ती हसली नाही. जवळ येऊन शाल नीट केली आणि हळूच म्हणाली की मला फसवलं तर फसवलं, लेकराला तरी सोडायचं होतं. बॅग उचलली. इरा जिन्यावरून विचारत होती की पप्पा, मी पुढच्या रविवारी पण येऊ ना?
म्हणालो, ये. वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. खुर्च्या मीच गोळा केल्या.

१२ ऑगस्ट
रविवार. मायलेकी आल्या नाहीत. एसटीला गर्दी असेल.

१६ ऑगस्ट
इराच्या शाळेतून फोन. क्लार्क म्हणाले, सर, मॅडम दाखला घेऊन गेल्या, तिकडंच नाव घालायलेत, तुम्हाला माहीत असेलच. म्हणालो, हाव, आमचं ठरलंच होतं.
निलंग्याला शाखा काढावी म्हणतो. एक ॲडमिशन तिथं आधीच झालंय.