डाग गेले, आजार राहिला

१२ जून
दोन्ही पायांवर लाल ठिपके. आधी वाटलं डास, आमच्या दिवा स्टेशनच्या भागात काय कमी आहेत. पण बोटाने दाबले तरी जात नाहीत. घोटे सुजलेत. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते, त्यानेच असेल.

१५ जून
ठाण्याला टेंभी नाक्याच्या डॉक्टरांकडे गेलेले. अ‍ॅलर्जिक परप्युरा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना सूज. "मध्ये घसा धरलेला का?" धरलेला. लहान मुलांचा बहुतेक आपोआप बरा होतो, मोठ्यांत किडनीवर जाऊ शकतो. पेनकिलर बंद. लघवी तपासायची. आराम करा म्हणे.

२३ जून
लघवीत प्रोटीन, रक्त. किडनीच्या मॅडमकडे पाठवलं. स्टेरॉइड सुरू, रोज नाश्त्यानंतर आठ गोळ्या एकदम.

१४ जुलै
डाग गेले. प्रोटीन वाढलंय. गोळ्यांनी तोंड फुगलंय, सारखी भूक. शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "काय गं, गोड बातमी?" माझ्या-महेशच्या लग्नाला सहा वर्षं. हसले नि वर आले.

२१ जुलै
किडनीची बायॉप्सी. पालथी झोपवली, पोटाखाली उशी. "श्वास धरा." कमरेत टक् झालं. मग दिवसभर उताणी, हलायचं नाही. महेशने चमच्याने पाणी पाजलं.

२८ जुलै
रिपोर्ट वाईट. मॅडम म्हणाल्या, दर महिन्याला सलाइनमधून जोरदार औषध. किडनी वाचायची जास्त आशा त्यातच. पण अंडाशयाला धक्का बसू शकतो, पाळी परत येईलच असं नाही. दुसरं औषध गोळ्यांचं. त्यात तो धोका नाही, पण एवढ्या आजाराला पुरेल का, खात्री देईनात. स्त्रीबीजं आधी काढून ठेवता येतात, त्यात दोनेक आठवडे जातील.
"तेवढे दिवस आहेत का माझ्याकडे?"
"सांगता येत नाही."
सोमवारपर्यंत कळवायचंय.

३० जुलै
सासूबाईंचा गावाहून फोन. "आधी एक मूल होऊ दे, मग घे काय ती औषधं." राग नाही आला. मीही मॅडमना तेच विचारलेलं. या किडनीवर बाळंतपण झेपणार नाही, म्हणाल्या.

१ ऑगस्ट
महेश म्हणतो, "तू असलीस की बास." बरं वाटलं. चिडलेही. त्याचं ठरलं, सासूबाईंचं ठरलं. माझं...
दुपारी वाळलेले कपडे काढताना त्याने विचारलं, "तुला काय हवंय?"
"दोन्ही."
तो कपड्यांच्या घड्या घालत राहिला. मीपण बसले त्याच्यासोबत.
परवा सोमवार.