कुत्र्यांचे मोजे

साहिलदादा,

नॉर्वेतून तू पाठवलेला व्हिडिओ आईला दाखवला. बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचे पाय फुटू नयेत म्हणून तू त्यांना एकेक मोजा घालत होतास.

सोमवारी महाडच्या डॉक्टरांनी आईच्या पायाची शुगरने कुजलेली दोन बोटं काढावी लागतील असं सांगितलं. "साहिल हो बोलल्याशिवाय नाय," ती अडून बसली. तू नऊदा फोन उचलला नाहीस. शेवटी "दादा हो म्हणाला," असं खोटं सांगून मीच सही केली. आपल्या घरात लिहायला शिकलेली पहिली मुलगी मी, आणि सही केली ती खोट्यावर.

आता पट्टी बदलताना आई म्हणते, "कुत्र्यांच्या पायांना एवढा जपतो, माझ्या पायाचा इचार केलाच असंल गो त्यानं."

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू फोन करून तिची माफी मागशील, आणि तिला खरं कळेल.

सारिका