फोर्ड म्हणजे ट्रॅक्टरच ना, भाऊजी?

नोव्हाय, मिशिगन, अमेरिका
ऑक्टोबरातला दुसरा मंगळवार

प्रिय रवींद्र भाऊजी यांना पद्मिनीवहिनीचा भरपूर आशीर्वाद, आणि त्याला जोडून गालाला एक चिमटा (साठी झाली म्हणून सुटका नाही). मी इकडं बरी आहे. डावा गुडघा दुखतो आणि उजवा त्याच्याकडं बघून दुखतो. तुमची साखर कशी आहे? मिशा अजून काळ्याच करता का? नव्या पांढऱ्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढलंत, की अजून करकर वाजवत तालुक्याला जाता? आमच्या जाऊबाई दीपाला आणि म्हशीला विचारलंय म्हणून सांगा (दोघींना वेगवेगळं विचारलंय, एकत्र सांगू नका).

पत्र कशाला लिहितेय म्हणाल, तर इथं फोनवर खासगी बोलायची सोय नाही. तुमचा फोन आला की कुमार तो टेबलावर ठेवतो, मोठ्या आवाजात लावतो आणि स्वतःच बोलत सुटतो. मी आपली, मला विचारतंय कोण, अशी पोळ्या लाटत बसते. म्हणून हे पत्र समोरच्या प्रतापरावांच्या हाती देतेय. ते गुरुवारी नाशिकला निघालेत.

तुमचे आरटीओचे कागद पोचले. शेडमध्ये नवी गाडी लावायचीय, ह्यांचा निळा फोर्ड हे गेल्यापासून तीन वर्षं नुसता जागा अडवून बसलाय, गिऱ्हाईक तयार आहे, पार्ट सुटे करून घेऊन जाईल, वहिनी सही करा. सगळं वाचलं. कुमारपण म्हणाला, आई, करून टाक, गाड्याच त्या, किती दिवस सांभाळायच्या. मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. आणि तिथूनच माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला, तो अजून निस्तरला नाही.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं फोर्ड म्हणजे काय? ट्रॅक्टर. फोर्ड आला का, फोर्ड कुठल्या वावरात आहे, असंच आपण बोलतो. तो फरिदाबादहून आला होता, म्हणजे फरिदाबादचाच असणार. कुमारला फोर्डमध्ये नोकरी लागली तेव्हा मी गल्लीभर सांगितलं, की फरिदाबादवाल्यांनी अमेरिकेत शाखा काढली आणि आपल्या पोराला ट्रॅक्टर जोडायला नेलं (पेढे तुम्हीपण खाल्लेत, तेव्हा हसायचं काम नाही). अकरा वर्षं मी हेच सांगतेय. इथं आल्यावर त्याचं ऑफिस बघितलं, तर बाहेर हजारभर मोटारी आणि औषधाला एक ट्रॅक्टर नाही. मी विचारलं, मागच्या अंगाला लावतात का? कुमारनं कपाळाला हात लावला. मग कळलं, तो ट्रकच्या दाराला जे रबर असतं, पाणी आत येऊ नये म्हणून, ते बघतो. चारी दारांचं का? नाही, पुढच्या दोनच. अकरा वर्षं दोन दारांचं रबर! नीनाला म्हणलं, सूनबाई, ह्यानं घरातला एक नळ तरी नीट केलाय का? ती इतकी हसली की चहा सांडला.

तर हे प्रतापराव. मूळचे नागपूरचे, त्याच कंपनीत छत्तीस वर्षं काढून रिटायर झालेले. माणूस चांगला, पण गुड मॉर्निंग म्हणलं की एकोणीसशे तीन सालापासून, कंपनीच्या बारशापासून सुरू होतो. माझं फरिदाबाद कळल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी रविवारी मला आणि आपल्या अनयाला (कुमारची पोरगी हो, आता सोळाची झाली, बापाच्या वर गेली) डिअरबॉर्नच्या म्युझियमात घेऊन गेले, म्हणे वहिनी, आज सगळं मुळापासून क्लिअर करतो.

मुळापासून काय, भाऊजी, मुळातच घोळ! हे जे कंपनीचे मूळपुरुष हेन्रीबाबा होते, त्यांनी पहिली कंपनी काढली, ती बंद पडली. दुसरी काढली, तिथं भागीदारांशी वाजलं, हे उठून निघून आले. मागं राहिलेल्यांनी पाटी बदलली आणि कॅडिलॅक नावाची गाडी काढली, ती आता समोरच्या पार्टीची मोठ्या लोकांची गाडी आहे. म्हणजे ह्यांच्याच तव्यावरची भाकरी शेजाऱ्याच्या ताटात. मग तिसरी कंपनी काढली, ती ही. पहिल्या गाडीचं नाव ए. मग बी, सी, मग एकदम एफ. मधली अक्षरं कुठं गेली विचारलं, तर कागदावरच राहिली म्हणे. असं करत टी पर्यंत आले आणि टी इतकी चालली, इतकी चालली, की एकोणीस वर्षं तीच. त्यातली बरीच वर्षं रंग एकच, काळा. पोरगा म्हणतोय, बाबा आता नवीन काढू, बाबा ऐकत नाहीत (हे मात्र मला लगेच समजलं, आपल्या घरातलंच वाटलं). शेवटी नवीन काढली, तर तिचं नाव काय ठेवावं? यू? नाही. परत ए! आमच्या गुरुजींनी छडी मोडली असती.

पुढं हेन्रीबाबांचा तो पोरगा बापाच्या आधी गेला. मग कंपनीनं एका गाडीला त्याचं नाव दिलं, ती गाडी काही खपली नाही. मी विचारलं, घरच्यांना विचारलं होतं का? प्रतापराव खाली बघून म्हणाले, घरच्यांना नको होतं म्हणतात. बघा! मग एक निघाली मुस्टँग, म्हणजे मोकाट घोडा. आधी लोकांचे घोडे सोडवले आणि नंतर गाडीलाच घोड्याचं नाव दिलं. आता इथं छोट्या मोटारी बनवायच्या बंद केल्या, तो घोडा ठेवला आणि बाकी सगळे ट्रक. मला चक्कर आल्यासारखं झालं. अनया कानात म्हणाली, आजी, just nod. मी मान हलवत राहिले.

बाहेर जुनं गाव मांडून ठेवलंय, तिथं त्या टी गाडीतून चक्कर मारून आणतात. टोपी घातलेले एक गोरे आजोबा गाडीपाशी उभे. हात करून म्हणाले, बसा. मी पदर खोचला, फूटबोर्डवर पाय दिला आणि बसले. सगळे थांबले. आजोबांनी टोपी काढली. अनया ओरडली, आजी, that's not a seat! मी बघते तर मी चाकावरच्या मडगार्डवर बसलेली, एक हात मागं धरलेला, एक पदरावर. आता माझा काय दोष? फोर्ड म्हणलं की बाईमाणसानं मडगार्डवरच बसायचं, बत्तीस वर्षांची सवय. आजोबांनी मला देवीसारखं अलगद उतरवून पुढच्या सीटवर बसवलं. आणि तिथून मला काय दिसलं माहितीये? त्या गाडीचा ॲक्सिलरेटर हाताचा! स्टिअरिंगखाली दांडी, आपल्या ट्रॅक्टरला असते तशीच. मी ओरडलेच, अगं हा तर फोर्डच की! प्रतापरावांनी आकाशाकडं बघितलं.

घरी येताना अनयानं विचारलं, आजी, तू तो ट्रॅक्टर कधीच चालवला नाहीस? म्हणलं नाही. व्हाय नॉट? भाऊजी, ह्यांनी कधी नको म्हणलं नव्हतं. मीपण कधी मागितला नव्हता. दोघांच्या मध्ये ते सीट तसंच राहिलं.

मी विषय बदलावा म्हणून प्रतापरावांना विचारलं, आमचा निळा कुठं होता हो म्युझियमात? तर त्यांनी हळूच सांगितलं, की कंपनीनं तीसेक वर्षांपूर्वी ट्रॅक्टरचा धंदाच विकून टाकला. घरी हे ऐकून कुमारला तर जोरच आला, म्हणतो, बघ आई, फोर्डनंच फोर्ड विकला, तू कशाला जपतेस? मला रात्रभर कळेना, की आईबापांनी टाकलेलं पोर आपल्या शेडमध्ये आहे ते आता कोणाचं म्हणायचं.

प्रतापरावांना वाईट वाटलं असावं. पुढच्या शनिवारी आम्हा सगळ्यांना सफरचंदाच्या बागेत घेऊन गेले. इथं ह्या दिवसात लोक पैसे देऊन दुसऱ्याच्या बागेत फळं तोडायला जातात (आपल्याकडं फुकट तोडतात तर तुम्ही दगड घेऊन मागं लागता). तिथं गवताच्या पेंढ्या टाकलेल्या ट्रॉलीत बसवून फिरवतात. आणि ट्रॉलीला जोडलेला, भाऊजी, निळा फोर्ड! हुबेहूब. चालवणारी एक बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, डोक्याला रुमाल. पण तो चालू होईना. ती चावी फिरवतेय, काही नाही. तिघं गडी येऊन बोनेटमध्ये डोकावले. मी अनयाला म्हणलं, त्यांना सांग, तो गिअरचा धाकटा दांडा न्यूट्रलला नाहीये, त्याशिवाय हा उठत नाही. (ह्यांनी त्या दांड्याला दिलेल्या शिव्या मी मडगार्डवर बसून पाठ केल्यात.) बाईनं दांडा हलवला आणि फोर्ड धडधडला. ती इतकी खूश झाली, की ट्रॉली सोडवली आणि मला म्हणाली, तू चालव. मी म्हणलं, नको नको. अनया म्हणाली, व्हाय नॉट?

कुमार तेव्हा डोनटच्या लाइनीत होता, देवाची कृपा. बाई शेजारी उभी राहून दाखवत होती, मी क्लच सोडला, आणि चालला हो! सरळ चालला, चांगला शंभर पावलं. वळवायचं कसं हे तेवढं मडगार्डवरून नीट दिसत नसे. समोर लाल भोपळ्यांचा ढीग होता, तो आता नाही. बाई पोट धरून हसली, प्रतापरावांनी भरपाई देऊ केली तर म्हणाली, राहू द्या, त्याचं सूप करते. घरी सात भोपळे आले. कुमारला वाटतं ऑफर होती.

आता थांबते, नीना जेवायला बोलावतेय, आजपण भोपळाच आहे. गोड कमी खा. मोठ्यांना नमस्कार म्हणायला आता आपणच मोठे उरलोय, तर एकमेकांनाच करून घेऊ.

तुमची एकुलती एक वहिनी,
पद्मिनी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. कागद दोन होते. पहिला, ट्रॅक्टर ह्यांच्या नावावरून माझ्या नावावर करायचा. दुसरा, माझ्या नावावरून गिऱ्हाइकाच्या नावावर. पहिल्यावर सही केलीय, तो लगेच आरटीओत द्या. दुसऱ्याच्या मागं अनयानं मला वळवायचं कसं ते चित्र काढून समजावलंय, कामाचा कागद आहे, तो मी ठेवून घेतला.

आणखी एक. नवी गाडी चिंचेखाली लावा. बगळ्यांचं काय ते तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्या. कुमारला ह्यातलं काही कळवू नका, त्याला मी नोव्हेंबरात परत निघताना विमानतळावर सांगणार आहे, आत गेल्यावर, काचेपलीकडून.

शेवटचं. रागानं फोर्डची चावी शोधायला जाल, तर सापडायची नाही. ती दीपाच्या कमरेला आहे. दर बुधवारी तुम्ही बाजाराला गेलात, की ती बॅटरी उतरू नये म्हणून तो बाहेर काढते (माझ्या आधी शिकली, मला सांगितलंपण नाही, परवा अनयाच्या फोनवर कबूल झाली). मागच्या बुधवारी बांधापर्यंत घेऊन गेली, तर तिथं तुमचं गिऱ्हाईक भेटलं. फोर्ड विकायचा नाही म्हणाली. तो बिचारा इतक्या लांबून आलेला, हात हलवत कसा जाईल, म्हणून तिनं त्याला तुमची पांढरी गाडी दाखवली. त्याला पसंत आहे. येत्या रविवारी बायकोला घेऊन येतोय, चहाला दूध जास्त घ्यायला सांगा.